हॉलमध्ये फुल रेंज, बेडरूममध्ये चक्र: घरच्या वायफायचा नेहमीचा बिघाड

२०२० साली शाळा मोबाइलवर भरायला लागल्या, तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणाचंही वायफाय अडलं की आधी माझी बेल वाजते. ठाण्यात घोडबंदर रोडला चार विंगांची सोसायटी, त्यामुळे घरं भरपूर आणि तक्रार एकच: “हॉलमध्ये मस्त चालतं हो, आतल्या खोलीत नुसतं चक्र फिरतं.” त्यापाठोपाठ दुसरं वाक्यही ठरलेलं, “नवीन राउटर घेऊ का?”

जरा थांबा. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत एक पैसा न घालता, नाहीतर फार तर एका केबलच्या खर्चात काम भागलंय. ज्यांनी आधी खरेदी केली आणि मग मला हाक मारली, त्यांच्याकडे आता दोन डबे आहेत आणि चक्र तसंच फिरतंय.

लक्षणं

- राउटरच्या खोलीत व्हिडिओ सुरळीत, दोन भिंती ओलांडल्या की अडखळतो.
- काड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही. सगळ्यात फसवं लक्षण हे. त्याचं कारण पुढे येईलच.
- आतल्या खोलीत फोन गुपचूप वायफाय सोडून मोबाइल डेटावर जातो. कळतं ते संध्याकाळी, डेटा संपल्याचा मेसेज आल्यावर.
- मायक्रोवेव्ह लावला की चालू कॉल तुटतो.
- दिवसभर ठीक, रात्री नऊ ते अकरा रखडतं.
- खोलीचं दार लावलं की रेंज जाते. लाकडी दार खरं तर फार काही अडवत नाही. तेवढ्यानेही जात असेल तर रेंज आधीच काठावर होती असं समजा.

राउटरशेजारी बसूनही नेट संथ असेल, तर मात्र हा बिघाड रेंजचा नाही. म्हणून पहिली तपासणी तीच.

रेंजचा दोष की लाइनचा?

राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभे राहा, मधे काही नको. फोन ५ गिगाहर्ट्झच्या (राउटरच्या दोन नेटवर्कांपैकी वेगवान, ते कसं ओळखायचं हे पुढे येईल) नेटवर्कला जोडा आणि स्पीड टेस्ट लावा. प्लॅनच्या आसपास आकडा आला तर लाइन ठणठणीत आहे, पुढे वाचा. नाही आला तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून पुन्हा मोजा. केबलवरही कमी येत असेल तर घरातल्या भिंतींना दोष देऊ नका, नेटवाल्याला फोन करा. रात्रीच रखडणाऱ्यांनी ही केबलची चाचणी रात्रीच करायची. केबलवर चांगलं आणि वायफायवर वाईट, म्हणजे शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी. दोन्हीकडे वाईट, म्हणजे बाहेरची लाइन तुंबलेली.

एक घोळ इथेच मिटवू. २०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला २०० मेगाबाइट नव्हे. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, त्यामुळे फाइल उतरवताना सेकंदाला जेमतेम २५ मेगाबाइटच दिसणार. या गैरसमजापायी आलेल्या तक्रारी मी आता मोजणं सोडलंय.

केबलवर आकडा नेमका ९४-९५ च्या आसपास अडत असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर ती खूण ओळखून ठेवा. लाइन १०० एमबीपीएसवर चालते आहे. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० ला दोन जोड्या पुरतात, त्यापुढे गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. कुणीतरी घाईत चारच तारा क्रिम्प केलेल्या (टोकाच्या प्लगमध्ये दाबून बसवलेल्या) असतात, एखादी तार तुटलेली असते, किंवा राउटरचं पोर्टच जुनं १०० चं असतं. आधी तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली लॅन केबल) लावून बघा. शंभर-दीडशे रुपयांत निकाल लागतो.

हातात फोन, खिशात कागद

काड्यांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं एखादं फुकट अॅप घ्या, ते डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या एककात, आकडा देतं. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. कागदावर घराचा ओबडधोबड नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीत, तुम्ही जिथे खरंच बसता तिथे, आकडा लिहा. पलंगावर लोळून बघत असाल तर लोळूनच मोजा.

माझा ठोकताळा असा: उणे ५५ पर्यंत उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ ला मेसेज जातात पण व्हिडिओ रडतो, आणि उणे ८० च्या खाली नेटवर्कचं नुसतं नाव दिसतं. दर ३ डीबीला (या आकड्यांतला फरक डीबीत सांगतात) ताकद निम्मी होते आणि दर १० ला दहावा भाग उरतो. म्हणजे हॉलमध्ये उणे ५० आणि बेडरूममध्ये उणे ८० असेल, तर तिथे हजारावा हिस्सा पोचतोय.

आता ते फसवं लक्षण. वायफाय म्हणजे रेडिओ नाही, की एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. फोनलाही राउटरला उलट उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा आवाज बारीक, बॅटरीवर चालणारा. राउटर मोठ्याने ओरडतोय म्हणून फोनला काड्या भरपूर दिसतात, पण फोनचं पुटपुटणं तिकडे पोचत नाही. म्हणूनच “जास्त पॉवरचा” राउटर आणून अनेकदा फक्त काड्या वाढतात, नेट तिथंच.

जागा: इथेच निम्म्याहून जास्त घरं सुटतात

फायबर टाकायला येणारा मुलगा डक्टमधून वायर काढतो आणि दारातून आत आल्यावर जिथे पहिला प्लग दिसेल तिथे डबा ठोकतो. त्याला दिवसात आणखी सहा घरं करायची असतात, त्याचं चूक नाही. पण त्यामुळे राउटर घराच्या एका टोकाला बसतो, शू रॅकच्या वर नाहीतर टीव्हीच्या मागे, आणि त्याचा निम्मा सिग्नल लिफ्टच्या लॉबीत जातो. शोभा जाते म्हणून काही जण तो कपाटात कोंडतात. लोखंडी कपाट असेल तर प्रश्नच मिटला.

सिग्नलचे वैरी तीन: धातू, पाणी आणि काँक्रीट. टीव्हीची पाठ, फ्रिज, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा (त्याच्या मागचा थर धातूचाच असतो) या धातूच्या भिंतीच समजा. माशांची टाकी किंवा भरलेला पाण्याचा ड्रम सिग्नल पिऊन टाकतो.

भिंतींचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे बिल्डिंग-बिल्डिंगमध्ये फरक आहे. जुन्या इमारतींत आरसीसीचा सांगाडा आणि मधे विटांच्या चार किंवा सहा इंची भिंती. माझ्या मोजणीत अशी एक भिंत पाच-सात डीबी खाते, ते चालून जातं. नव्या टॉवरांत मायव्हॅन पद्धत असते, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. वीट नाहीच, आत सळ्यांची जाळी. आमच्या डी विंगमध्ये एक भिंत ओलांडली की १५ ते २० डीबी गेलेच, आणि ५ गिगाहर्ट्झवर त्याहूनही जास्त. त्यामुळे “माझ्या भावाकडे हाच राउटर थ्री बीएचकेभर चालतो” या वाक्याला अर्थ नाही. भावाची बिल्डिंग कोणती ते आधी विचारा. चिपळूणजवळच्या आमच्या घरी जांभ्याच्या दीड फुटी भिंती आहेत. पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि उन्हाळ्यात माजघरापर्यंत येणारी रेंज जुलैत ओटीवरच थांबते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सिग्नल भिंतीतून तिरका गेला तर त्याला भिंत जाड लागते. ४५ अंशांत सहा इंचाची भिंत साडेआठ इंच होते, ६० अंशांवर थेट बारा. म्हणून राउटर अशा जागी हवा, की तिथून आतल्या खोल्यांच्या भिंती समोरासमोर येतील, किंवा त्याहून छान, दारांच्या चौकटीतून सरळ रेषा जाईल. बहुतेक टू बीएचकेत ही जागा पॅसेजच्या तोंडाशी, पाच-सहा फूट उंचीवर सापडते. सी विंगच्या काकूंकडे मी एवढंच केलं. टीव्हीमागचा राउटर आठ मीटरच्या पॅच कॉर्डने पॅसेजमधल्या पुस्तकांच्या फळीवर आणला. आतल्या खोलीत उणे ७९ होतं ते उणे ६४ झालं. काका तेव्हाच म्हणाले, “आणि मी चार हजारांचा राउटर बघून ठेवला होता.”

हलवताना एक भान ठेवा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर फक्त राउटर हलवा. दोन्ही एकाच डब्यात असतील तर बारीक फायबर ओढाताण करून लांबवू नका. ती आतून काचेची असते, बांगडीपेक्षा लहान वेटोळं तिला सहन होत नाही. अशा वेळी नेटवाल्याला फायबर पुढे आणून द्यायला सांगा, किंवा खाली सांगितलेला दुसऱ्या राउटरचा मार्ग धरा.

अँटेना, बँड, चॅनेल

अँटेनाचं थोडक्यात: दांडी उभी असेल तर सिग्नल मेदूवड्यासारखा आडवा पसरतो, दांडीच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच जात नाही. एकाच मजल्याचं घर असेल तर सगळ्या उभ्या ठेवा, वरचा मजला असेल तर एक आडवी करा. बाहेरून अँटेना दिसत नसलेल्या डब्यात त्या आत असतात, तो कंपनीने सांगितलं तसाच उभा किंवा भिंतीवर ठेवा. आडवा टाकून वर फुलदाणी नको.

बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) घरच्या राउटरात बहुधा दोन. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बऱ्या पार करतो, पण हळू आणि गर्दीचा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानतो. राउटर बहुधा दोघांना एकच नाव देतो आणि निवड फोनवर सोडतो. फोन हट्टी असतात. हॉलमध्ये पकडलेलं ५ आत गेल्यावरही मरेपर्यंत सोडत नाहीत. मी तपासणीपुरती तरी दोन वेगळी नावं देतो. राउटरच्या पानावर जा (पत्ता डब्याच्या खाली छापलेला असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१), आणि एका नावापुढे ५ जोडा. टीव्ही आणि लॅपटॉप जवळ असतील तर ५ वर, लांबचे फोन आणि दाराची बेल २.४ वर. तिथे गेलाच आहात तर कारखान्यातून आलेला अॅडमिनचा पासवर्डही बदला, आणि वायफायला कोण कोण जोडलंय ती यादी बघा. एकदा एका घरात तीन अनोळखी फोन निघाले. समोरच्या घराला पाहुणे आले तेव्हा दिलेला पासवर्ड दोन वर्षं तसाच होता.

चॅनेल म्हणजे बँडमधल्या लेन. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न शिवणारे तीनच: १, ६ आणि ११. अॅनालायझरमध्ये बघून त्यातला कमी गर्दीचा घ्या. “सगळे १ आणि ६ वर आहेत, मी शहाणा, ३ घेतो” असं करू नका. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. ३ वर बसलात तर तुमची भाषा दोन्हीकडच्यांना नुसती खरखर वाटते आणि त्यांची तुम्हाला. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. सोसायटीत २.४ वर ४० लावणं म्हणजे दोन गाड्यांच्या जागेत आपली एक आडवी लावणं. मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे त्याच्या तक्रारीला उपाय एकच, त्या वेळी ५ वर जा.

५ गिगाहर्ट्झमध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. मधले ५२ पासूनचे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावं लागतं, आणि काही टीव्ही स्टिकना ते दिसतच नाहीत.

अॅडाप्टर

राउटर दिवसातून दोन-चार वेळा आपोआप बंद-चालू होत असेल तर रेंज नंतर बघा, आधी अॅडाप्टर बघा. तीन-चार वर्षांत तो थकतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. ९ व्होल्टच्या डब्याला १२ चा लावून एकाने तो कायमचा शांत केलाय. लाइट गेल्यावर इनव्हर्टर चालू होण्याच्या क्षणात डबा बंद पडत असेल, तर राउटरपुरता मिळणारा मिनी यूपीएस लावा.

जागा हलवूनही भागत नसेल तर: घरातला जुना राउटर

माझा सगळ्यात आवडता उपाय. बहुतेकांच्या माळ्यावर जुना राउटर पडलेला असतो. मुख्य राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल टाकायची आणि तिथे हा जुना डबा लावायचा. केबलला भिंत अडवत नाही, १०० मीटरपर्यंत ती बिनधास्त जाते.

जुन्या डब्यात तीन गोष्टी करायच्या. त्याचा पत्ता बदलून मुख्य राउटरच्याच मालिकेतला वेगळा द्यायचा, मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर हा १९२.१६८.१.२. त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपांना असे पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं, कारण एका घरात पत्ते वाटणारा एकच हवा. दोघे वाटायला लागले की फोन जोडलेला दिसतो पण नेट नसतं, आणि तो घोळ शोधायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. तिसरं, केबल त्याच्या लॅन पोर्टात घालायची, वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट येतं तिथे) नाही. मग दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच, चॅनेल मात्र वेगळे, एक १ वर तर दुसरा ११ वर.

केबल घेताना तांब्याची कॅट ६ मागा. स्वस्तातली केबल आतून अॅल्युमिनियमची, वर नुसता तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा. टीव्ही किंवा टेलिफोनचा कन्सील पाइप असेल तर त्यातून ओढा. लाइटच्या वायरींच्या पाइपातून कधीही नाही.

केबल अजिबात शक्य नसेल, तरच रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा) किंवा मेश (आपसात जोडलेल्या दोन-तीन डब्यांचा संच). रिपीटर लोक हमखास रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. तिथे त्यालाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? तो मधल्या वाटेवर, उणे ६५ च्या आसपास मिळेल तिथे लावायचा. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. मेशमध्ये डबे आपसात चांगलं बोलतात, तरी मायव्हॅनच्या भिंतींत त्यांनाही केबल जोडलेलीच बरी. आणि फोनच्या मागे चिकटवायचे ते “सिग्नल बूस्टर” स्टिकर! त्यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा वडापाव खा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. राउटर रिस्टार्ट करून, चॅनेल बदलून काही होणार नाही. एकदा हलक्या हाताने टोक नीट बसलंय का बघा, आणि नेटवाल्याला बोलवा. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. हिरवं टोक हिरव्या सॉकेटमध्येच जातं, निळ्यात घालून बघण्याचा प्रयोग नको. नेटवाला आला की त्याच्या पॉवर मीटरवरचा (फायबरमधला प्रकाश मोजणारं यंत्र) आकडा विचारा. तो उणे २७ डीबीएमच्या पलीकडे, म्हणजे उणे २८, उणे ३० असा असेल (हा फायबरचा आकडा, वायफायचा नव्हे) तर कुठेतरी जोड खराब आहे किंवा वायर दबली आहे, आणि ते दुरुस्त करणं त्याचं काम आहे.

भिंतीला भोक पाडायचं असेल तर कॉलम, बीम किंवा मायव्हॅनच्या भिंतीला हात लावू नका. आधी सोसायटीला विचारा, मग जाणत्या माणसाकडून करून घ्या. आतला पाइप लाइटचा की टीव्हीचा हे खात्रीने सांगता येत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

गावी मुख्य घरापासून गोठ्यापर्यंत किंवा गच्चीवरून शेजारच्या घरात उघड्यावरून लॅन केबल टाकायचा विचार असेल, तर तो सोडा. जवळपास वीज पडली तरी त्या तांब्याच्या तारेतून दोन्हीकडचे डबे जातात. आमच्याकडे ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी राउटर, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स एकदम गेले. तिथे फायबरच टाकून घ्यायची, आणि ती जोडायला स्प्लायसिंग मशिनवाला (फायबरची टोकं वितळवून जोडणारा) लागतो.

नेटवाल्याला फोन करताना “नेट स्लो आहे” एवढंच सांगू नका, ते तुम्हाला राउटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवतील. असं सांगा: “लॅन केबलवर रात्री दहाला मोजलं, २०० च्या प्लॅनला ४० येतोय, एलओएस दिवा बंद आहे, पॅच कॉर्ड बदलून पाहिली.” आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.